कुठले गायकवाड?

बदलापूरच्या त्या लहानशा फ्लॅटचा ओटा वेणूबाई दोन वर्षांत तिसऱ्यांदा घासत होती. चामटोलीतल्या माहेरच्या जमिनीतला आपला वाटा विकून तिने २००५ साली ही जागा घेतली होती. म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको, एवढीच तिची इच्छा. जागा तिच्या नावावर, पण भाडेकरू कोण ठेवायचा ते ठरवायचा नवरा, हिरामण.

आणि हिरामणची परीक्षा एकाच प्रश्नाची: आडनाव. पहिला भाडेकरू आपल्यातला, म्हणून ना करार केला, ना पोलीस ठाण्यात नोंद. तो वर्षभर हलायलाच तयार नव्हता. दुसरा हरिचंद्र, तोही आपल्यातला. जाताना पंख्यासकट नळ उपटून घेऊन गेला. तरी ये रे माझ्या मागल्या! वेणूबाईचा नुसता संताप संताप व्हायचा.

त्या रविवारी एजंट भगवंत एका मुलीला घेऊन आला. मीनल गायकवाड, उल्हासनगरच्या एका दवाखान्यात नर्स. राहणार ती आणि तिची आई. तिने नवे नळ सोडून पाहिले, पाणी किती वाजता येतं ते विचारलं, मग पिशवीतून फाइल काढली. नोकरीचं पत्र, आधीच्या मालकाचं पत्र, पोलीस ठाण्याच्या फॉर्मसाठी फोटो, सगळं जागच्या जागी होतं.

"अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट रजिस्टर करू, काका. तुम्हाला पण टेन्शन नको, मला पण."

असा भाडेकरू दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं वेणूबाईला वाटलं. हिरामणही खुलला. "गायकवाड काय? छान. पन कुठले गायकवाड?"

"अंबरनाथचे."

"तसं नाय गो. म्हंजे... कुठल्यातले?"

मीनलने फाइल मिटली. "बौद्ध."

हिरामणला एकदम आठवलं, की जागेचा शब्द आपण पुतण्याला दिलाय. त्या पुतण्याचं गावात स्वतःचं दुमजली घर होतं, ही गोष्ट वेगळी. मीनलने फाइल पिशवीत टाकली आणि ती बाहेर पडली.

भगवंत लगेच सरसावला. "दादा, माझा साडू हाय ना. घरचाच मानूस, कागद-बिगद कशाला?"

"सही कोनाची लागते?" वेणूबाई कडाडली. "जागा माझी हाय. ती पोरगीच र्‍हाईल हितं."

"अगो, बिल्डिंगीतले काय म्हनतील?"

"नळ नेले तवा बिल्डिंगीतलं कोन आलं व्हतं?"

ओले हात तसेच ठेवून ती जिना उतरली आणि मीनलला तिने फाटकापाशी गाठलं. "ये गो बाय, आजच सही करते."

मीनल थांबली. "काकू, तुम्ही मनापासून बोलताय, कळतंय मला. पण मी ड्युटीवर गेले की आई घरात एकटी. काका भाडं घ्यायला आले तर तिच्याशी कसे वागतील? हे सातवं घर, काकू. आता मी नुसती जागा नाही बघत, मालक पण बघते."

रिक्षा आली, ती बसून निघून गेली. वेणूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर हिरामण निवांत बसला होता. "गेली? बरं झालं. जागा कशी, मानूस बघून द्यावी."

"तिनं बघितला की मानूस," वेणूबाई म्हणाली. "आनि नापास केलंन आपल्याला."

तिने भगवंतच्या हातातून किल्ली काढून घेतली. यापुढे जागा बघायला येणाऱ्याला कागद तीच विचारणार होती. जात विचारणारा दाराबाहेर थांबेल, मग तो नवरा का असेना.