पाणी मारलेली मिरची

गुरुवारी मठाच्या अंगणात एवढी गर्दी, की तराजू दिसावा म्हणून माणसं भिंतीवर चढलेली! शिष्य ओरडला, "वना हिलाल, दीड किलो वाढला!" लगेच शंख, टाळ्या.

शालिग्रामबाबा डोळे मिटून म्हणाले, "अन्न म्हणजे गाठीचं खत. खत बंद, गाठ उपाशी! फक्त माझं तीर्थ. बघा, न खाता पोर भरलं!"

भरलं म्हणे! वना माझा आठ वर्षांचा भाऊ. त्याच्या पोटात कॅन्सरची गाठ. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं सुरू केली होती. दूध, अंडी, शेंगदाण्याचे लाडू द्या म्हणून बजावलं होतं. पण औषधांनी तो ओकायचा, वाळत चालला. माय घाबरली आणि आम्ही इथं येऊन पडलो. फाटकाला साखळी. नवस अर्धा टाकून जाणाऱ्याचं पोर मरेल, हा बाबांचा शाप. साखळी नसती तरी माय हलली नसती. वना मात्र माझ्या कानात म्हणायचा, "ताई, भाकर दे ना वं."

त्या सकाळी मी गंमत म्हणून माझी बांगडी त्याच्या हातात चढवली. धुळ्याला ती दंडावर अडकायची. आता थेट काखेपर्यंत गेली! वजन वाढलं आणि दंड आटला? मग वाढलं तरी काय?

माझे आबा दोंडाईच्याच्या बाजारात मापाडी. तोलण्याआधी मिरची मुठीत दाबून बघतात, कारण वजनासाठी काही लोक तिच्यावर पाणी मारतात. शंख थांबताच मी ओरडले, "आबा, न दाबता माल तोलता का हो तुम्ही?"

"गप बस पोरी, शाप लागी!" माय रडायलाच लागली.

आबा मात्र खाली बसले. वनाच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला. खड्डा तसाच राहिला.

"हाई ते पानी मारेल मिरची शे!"

तीर्थ फक्त रोग्यानंच प्यायचं, असा नियम. मी तांब्या मायच्या ओठांना लावला. ती थुंकली. "मीठ शे हाई! नुसतं मीठ!"

"पापिणी!" बाबा किंचाळले. माय उठली, वनाला कडेवर घेऊन फाटकापाशी गेली आणि म्हणाली, "साखळी सोडा, महाराज." एवढ्या गर्दीसमोर ती सोडावीच लागली.

धुळ्याला डॉक्टरीणबाईंनी समजावलं: मिठानं अंगात पाणी साचलं, उपासानं मांस झिजलं, आणि गाठ मात्र वाढली. तराजू ही तिन्ही एकत्रच तोलतो. औषध सोसायला मांस लागतं, म्हणून आधी त्याला खाऊ घाला. उपाशी गाठ राहत नाही, पोर राहतं.

वना आता लाडू खातो, ओकतो, पुन्हा खातो. पुढचं कुणालाच सांगता येत नाही. बांगडी अजून दंडावर अडकत नाही; मी रोज बघते.

पण त्या फाटकाच्या आत अजून पोरं आहेत. त्यांच्या आईबापांनो, आकड्याला हात जोडू नका. दंड बघा, नडगी दाबा, तीर्थ स्वतः चाखा. आणि भाकर मागणाऱ्या पोराचं आधी ऐका.