फ्रीजमधली नळी

माझा आकडा चुकत नाही. प्रयोगशाळेत माझी हीच ख्याती, आणि ती मीच पसरवलेली. त्यामुळे मास्तरांच्या रक्तातलं पोटॅशियम सहा पॉइंट एक आलं तेव्हा रिपोर्ट मी बिनधास्त वर पाठवला. साडेपाचच्या पुढे गेलेल्याला मूत्रपिंडाच्या नव्या औषधाच्या चाचणीत घेत नाहीत. नियम म्हणजे नियम.

मास्तर निवृत्त शिक्षक. जुन्या औषधांनी हात टेकले होते, डायलिसिस दारात येऊन बसलं होतं. चाचणीत एकच जागा उरली होती आणि तीही पाच वाजता बंद होणार होती. नकार ऐकून त्यांच्या बायकोनं फाइल पिशवीत घातली आणि दोघं निघून गेली. वाईट वाटलं, पण मी तरी काय करणार?

तीन वाजता चाचणीचे डॉक्टर स्वतः खाली आले. परवाच्या बाहेरच्या रिपोर्टमध्ये साडेचार होतं म्हणाले. मी म्हटलं, बाहेरच्यांचं काय सांगता, तिथे सगळा आनंदीआनंद. त्यांनी वाद घातला नाही. पेशी वेगळ्या करायला रक्त मशीनमध्ये फिरवतात, तोवर नळी कुठे होती, एवढंच विचारलं.

"फ्रीजमध्ये. मशीन दोन तास दुसऱ्यांच्या नळ्यांनी अडवलं होतं. बाहेर ठेवून रक्त नासवू का?"

न फिरवलेलं रक्त थंड केलं की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. माझ्या जुन्या नोकरीत सगळंच फ्रीजमध्ये जायचं. पोटॅशियम तिथे आम्ही तपासतच नव्हतो. आधी मला त्यांचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली.

फोन मीच लावला. चूक माझी आहे, परत या, म्हटलं. मास्तर बसमधून उतरून, उलटी बस पकडून पावणेचारला पोचले. दोघांनाही धाप लागली होती. शीर सापडेना. घड्याळाकडे बघत मी दोनदा टोचलं. तिसऱ्यांदा सुई घेतली तेव्हा मास्तर म्हणाले, "सावकाश, बाई. पेपर तपासताना घाई केली की माझेही मार्क चुकायचे."

पावणेपाचला आकडा आला. चार पॉइंट सहा. मास्तरांनी सही केली, त्यांच्या बायकोनं माझा हात घट्ट धरला.

ती दोघं जाईपर्यंत डॉक्टर थांबले. मग म्हणाले, "याआधी किती नळ्या फ्रीजमध्ये ठेवल्यात?"

मी कधी मोजल्याच नव्हत्या. त्यांनी नाकारलेल्यांची यादी माझ्यासमोर ठेवली. सात जणांपुढे कारण लिहिलं होतं, पोटॅशियम. अक्षर माझंच.

पाच वाजून गेले होते. जागा संपल्या होत्या. तरी सांगणं भाग होतं, म्हणून पहिला नंबर फिरवला. शिवणकाम करणारी, दोन लहान मुलांची आई. तिचा चेहरा मला आठवत होता. मी नाव सांगताच तिनं पटकन विचारलं, "जागा निघाली का, काकू?"