मे महिन्यातली स्लीपिंग बॅग

मे महिन्यात जळगावात अंगावरचा बनियनसुद्धा नकोसा होतो, आणि मी मोतीलालशेठच्या दुकानात रजई बघायला गेलो होतो. रजई म्हणायचं नाही म्हणे. स्लीपिंग बॅग!

माझी हिरकन कॉलेजातर्फे हिमालयात चालली होती. बर्फातली खिंड चढायची, रात्री तंबूत झोपायचं. लहानपणी न्यूमोनियात हातची जाता जाता राहिलेली पोर ही. मी नाहीच म्हणत होतो. रडून रडून तिने डोळे सुजवले, तेव्हा म्हटलं, ठीक आहे, पण ऊब मी स्वतः बघणार, मगच जायचं.

"आबा, दुकानात अहिराणी बोलू नका हं," रस्त्यात ती म्हणाली. बरं म्हटलं.

शेठने दोन बॅगा काढल्या. एक बारकी, एक जाड. दोन्हींत कापसाचा पुंजकाही नाही! आत कसला तरी सिंथेटिक धागा. माझा जन्म गेला जिनिंगमध्ये कापूस तोलण्यात. डोकंच फिरलं.

"कापसाशिवाय ऊब येते कुठून, शेठ?"

"आबा, कापूस ओला झाला की गार पडतो. हा ओला झाला तरी ऊब धरतो, सरांनी सांगितलंय," हिरकन दबक्या आवाजात म्हणाली.

बारकीवर शून्य डिग्री लिहिलेलं, जाडीवर उणे दहा. लिहायला काय जातं हो? हातच्या काकणाला आरसा कशाला, आत झोपूनच बघू. चपला काढल्या, धोतर सावरलं आणि भर दुकानात जाड बॅगेत शिरलो.

"आबा, उठा ना! लोक बघताहेत."

बघू देत. शेठला चेन लावायला सांगितली, बॅगेच्या टोपीची दोरीही ओढायला लावली. नाक तेवढं बाहेर. जरा वेळात घामाच्या धारा लागल्या, आणि मला असा आनंद झाला की दिलेला शब्द विसरलो.

"हाई ते भट्टी शे, पोरी, भट्टी! बठ्ठं आंग शेकाई गयं!"

दारात खसखस पिकली. दीपनगरच्या वीज केंद्रातल्या साहेब लोकांच्या मुली, हिच्याच कॉलेजातल्या. त्याही खरेदीला आल्या होत्या.

"अगं हिरा, हे कोण?"

हिरकन दोन पावलं मागे सरली. मग माझी पोर म्हणाली, "आमच्या शेजारचे काका आहेत. आबांना वेळ नव्हता, म्हणून सोबत आले."

राग आला? आला ना! वाटलं, उठावं आणि एक ठेवून द्यावी. पण मग माझंच ध्यान माझ्या डोळ्यांपुढे आलं. दुकानाच्या मधोमध बोचक्यासारखा पडलेला, घामाने निथळणारा, आरडाओरडा करणारा म्हातारा. लाज वाटली हो. तिची नाही, माझी. आत्ता बाहेर पडलो आणि सवयीने तिच्या तोंडून 'आबा' निघालं, तर पोरीची काय शोभा राहील? मी डोळे मिटून पडून राहिलो.

त्या मुलींनी रंग बघितले, भाव केले, पुन्हा पुन्हा हसल्या. मी आत शिजत होतो. त्या गेल्यावर शेठने चेन उघडली आणि मुकाट्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"जाडीच बांधा," मी म्हटलं. हिरकन भिंतीकडे बघत होती. 

कॉलेजची पोरं गाडी धरणार होती त्या भुसावळ स्टेशनवर जायचंच नाही, असं ठरवलं होतं. शेजाऱ्याचं तिथे काय काम? पण मन ऐकतं थोडंच! बॅग उचलली आणि तिच्या मागे निघालो. ती नको म्हणाली नाही.

प्लॅटफॉर्मवर दुकानातल्या त्या मुलींपैकीच एकीने मला ओळखलं. "नमस्कार काका! हिराचे वडील नाही आले?"

हिरकनचे ओठ हलले. बोलेल असं वाटलं. देवाशपथ, मी वाट बघितली. गाडीने शिटी दिली. शेवटी मीच बोललो, अगदी शुद्ध भाषेत.

"त्यांना ड्युटी आहे. म्हणून मी आलो."

ती मुलगी चटकन वाकून माझ्या पाया पडली. तिच्या मागोमाग हिरकनही पडली, आणि मी दोघींना सारखाच आशीर्वाद दिला.