पोतं घेतलेला चोर

भंगारवाल्याच्या नातीनं, चिंगीनं, शाळेच्या वहीत चोर काढला होता. म्हाताऱ्यानं चष्मा पुसून वही जवळ धरली. खांद्यावर पोतं, गालावर दाढीचे खुंट, कमरेत बाक.

"हा मीच की गं."

"छे, हा चोर आहे. चोर असाच असतो."

"किती पाहिलेस?"

चिंगी जरा घुटमळली. "सगळ्यांनीच असा काढला. तीस जणांचे तीस चोर, जणू एकाच आईची लेकरं. बाईंनी वह्या फळ्याखाली ओळीनं मांडल्या आणि विचारलं, पोतं घेऊन फिरणारं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का?"

"मग?"

"मी हात वर केला नाही."

म्हाताऱ्यानं वही मिटून परत दिली. त्या बाई त्याच्याच दुकानातून जुनी चित्रांची पुस्तकं नेत. आज सकाळीच म्हणाल्या होत्या, "उद्या पोतं घेऊन वर्गात या. मुलं तुमच्यावर चित्रकादंबरी करतील." चिंगी त्याची नात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मी येणार आहे," तो म्हणाला. "तू ओळख दाखवली नाहीस तरी चालेल. भंगारवाला म्हणून येईन, तसाच जाईन."

बोलून तर गेला, पण घास काही गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी फाटकातच शिपायानं अडवलं. "रद्दी मागच्या अंगाला." जन्माची सवय. म्हातारा निमूट मागं गेला आणि रद्दीचा ढीग दिसताच पाहुणेपण विसरून गठ्ठे बांधू लागला. दोन बांधून झाले तेव्हा वर पाहिलं, तर खिडकीत सगळा वर्ग. चिंगीही त्यात. त्यानं मान खाली घातली.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली.

"काका, ते रद्दीला नाही आलेत," चिंगी शिपायाला म्हणाली, आवाज वरपर्यंत जाईल असा. "आमच्या वर्गाचे पाहुणे आहेत. माझे आजोबा."

"मग हे गठ्ठे कुणी बांधायला सांगितले?" शिपाई ओशाळला.

"हात शिवशिवले," म्हातारा म्हणाला.

वर्गात त्याला बाईंच्या खुर्चीत बसवलं. एकानं विचारलं, "तुमच्याकडे कधी चोरी झाली?"

"एकदा. तराजू गेला. चोर मोठा सभ्य होता. कडक इस्त्री, गोड जीभ. तपासायला नेतो म्हणाला, आणि तराजू जड म्हणून गाडीत चढवायला मीच हात लावला."

वर्ग खोखो हसला. पुढच्या बाकावरचा मुलगा मात्र काळजीत पडला. "तसा काढला तर तो चोर आहे हे वाचणाऱ्याला कळणार कसं?"

"मला तरी कुठं कळलं?"

बाई हसू दाबत फळ्याकडे वळल्या. बाकाबाकांवर वह्या उघडल्या, जुन्या चोरांवर खोडरबर चालू लागले. म्हातारा कोण काय खोडतंय ते पाहायला वाकला.

"आजोबा, हलू नका," चिंगीनं सगळ्यांदेखत दटावलं. "नाक वाकडं येतंय."

म्हातारा दगडासारखा बसला. हसरं तोंड मात्र काही केल्या मिटेना.