बोळाच्या तोंडावरचा दगड

फेअर.

आठवीच्या वर्गात मी हा शब्द फळ्यावर लिहिला आणि विचारलं, याचा अर्थ? अर्धा वर्ग ओरडला, "भाडं!" एसटीचं भाडं सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, हा अर्थ नंतरचा. आधी हे साधं क्रियापद होतं. फेअर म्हणजे जाणं, चालणं, वाट कापणं. फेअरवेल म्हणजे नीट जा. वेलफेअर म्हणजे वाटचाल बरी चालणं. वॉरफेअर

(इथे मागच्या बाकावरच्या छगनने हात वर केला. "मॅडम, मग चालणाऱ्यालापण तिकीट लागायचं का?" वर्ग हसला. मीसुद्धा हसले. आज हसले नसते.)

वॉरफेअर म्हणजे लढाईला निघणं. थरोफेअर म्हणजे ज्यातून आरपार चालत जाता येतं ती वाट.

हा शेवटचा शब्द मी त्या दिवशी शिकवला नाही. तो मला त्याच संध्याकाळी घरपोच मिळाला.

भाईदासभाऊ आले होते. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि माझे घरमालकही. हातात कागद. त्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं: नो थरोफेअर.

"स्पेलिंग तेवढं बघा, मॅडम. मुंबईला एका बंगल्यावर वाचलं होतं. काय भारदस्त वाटतं!"

"कुठे लावणार?"

"बोळाच्या तोंडाशी, वस्तीच्या बाजूनं. बोर्ड नाही, दगडच बसवतोय. कोरीव."

बोळ म्हणजे आमच्या सोसायटीच्या पोटातून गेलेली पायवाट. एका टोकाला मेहरूणची जुनी वस्ती, जिथे मी जन्मले. दुसऱ्या टोकाला मोठा रस्ता आणि पलीकडे केळीचे मळे. सोसायटी झाली १९८६ मध्ये. बोळ कधी झाला हे कुणालाच सांगता येत नाही. मळ्यात कामाला जाणाऱ्या बाया तिथून जातात. माझी आई द्रौपदाबाई रोज दुपारी तिथूनच माझ्याकडे येते, पदराखाली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन, जणू मला या पक्क्या घरात कुणी उपाशी ठेवलंय.

"मराठीत का नाही लिहीत?" मी विचारलं.

"मराठीत लिहिलं की भांडायला येतात. इंग्रजी बघितलं की माणूस गप होतो."

"माझी आई येते तिथून."

भाईदासभाऊंनी जीभ चावली. मग हसले. "अहो, तुमच्यासाठी थोडंच आहे? तुम्ही आता आमच्यातल्या."

आता.

हा एक शब्द कुठल्या क्रियापदापासून झाला ते मला माहीत नाही. माहीत असता तर त्याला मुळासकट उपटला असता. मी कागद परत दिला. म्हटलं, स्पेलिंग दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.

घेतलं. आठवड्यात दगड बसला. पांढरा, कमरेएवढा, काळ्या अक्षरांचा. साखळी नाही, फाटक नाही. अक्षरांवर भाईदासभाऊंचा फार विश्वास.

आणि मग जे झालं ते फक्त आमच्याकडेच होऊ शकतं.

मळ्यातल्या बायांपैकी कुणाला इंग्रजी येत नव्हतं. त्यांना दिसला वाटेच्या तोंडाशी नवा उभा दगड. पांढराशुभ्र. काहीतरी कोरलेला. वाटेवर नवा दगड उभा राहतो तो उगीच राहतो का? त्यांच्यातल्या पुष्पाबाईने पहिलं हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी कुणी फूल ठेवलं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन नारळ फुटले, आणि कुणीतरी भक्तीच्या भरात शेंदूर असा थापला की "नो" दिसेनासा झाला.

भाईदासभाऊ पहार घेऊन खाली आले. तोवर त्यांचीच बायको दगडापुढे उदबत्ती लावत होती.

"काय करता? देवावर पहार?"

"अगं, देव नाही तो! मीच आणलाय, भुसावळहून!"

"सगळेच देव कुठून तरी आणलेले असतात," वहिनी म्हणाल्या आणि डोळे मिटले.

मी गॅलरीत पोट धरून हसले. वाटलं, मिटलं. बोळ वाचला.

मला अजून स्वतःचा राग येत नाही, पण त्या हसण्याचा येतो.

कारण सोसायटीची मीटिंग झाली. पहार परत गेली, आणि ठराव आला: दर्शनाला येणाऱ्यांना वाट मोकळी. इतरांनी मोठ्या रस्त्याला वळसा घालून जावं. कालपर्यंत बायांना अडवायला लावलेला दगड आज त्यांना सोडणारा झाला. मात्र हात जोडून. म्हणजे परवानगी घेऊन. जी वाट त्यांच्या पायांनी झाली, तीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली. भाईदासभाऊ दगडाशेजारी खुर्ची टाकून बसलेले. मागून पुष्पाबाई आणि तिच्या बाया जेवून पुन्हा मळ्याकडे निघाल्या होत्या.

"अक्का, पाया पडा आणि जा."

आई थांबली. माझ्या आजोबांनी बौद्ध दीक्षा घेऊन घरातले देव मेहरूणच्या तलावात सोडले, तेव्हा ती टोपली पोरसवदा आईच्याच डोक्यावर होती. त्या दिवसापासून तिने दगडापुढे मान वाकवलेली नाही.

"मी देवकडे नही उनू," ती म्हणाली. "मनी पोरकडे जाई ऱ्हायनू."

"नुसते हात जोडा हो. तुमचं काय जातंय?"

"मी ल्हानपनपासून अठूनच जास, भाऊ. हाऊ दगड तधळ खाणमा व्हता."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. भाईदासभाऊ खुर्चीवरून उठले आणि वाटेत आडवे उभे राहिले. "मग वळशानं जा."

मी चपला न घालताच जिना उतरले. उतरताना डोक्यात एकच हिशेब: मी तोंड उघडलं तर देव जाईल. देव गेला की या बायांची वाटही जाईल. गप्प राहिले तर त्यांची वाट राहील, आणि माझ्या आईला मात्र वळसा, किंवा वाकणं.

पुष्पाबाईनेच सोडवलं. "मास्तरीणबाई, तू तं शिकेल शे. काय लिखेल शे त्यावर?"

मी ओच्याने शेंदूर पुसला. कुणीतरी "अगं अगं" केलं. मी अक्षरावर बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि मराठीत सांगितला: "इथून कोणीही जायचं नाही. असं लिहिलंय. पहिल्या दिवसापासून."

 पुष्पाबाई दगडाजवळ आली.

"कोणी म्हंजे कोन?" पुष्पाबाईने विचारलं.

"तुम्ही. आई. वस्तीतले सगळे."

"म्हंजे आमलेच बंदी, आन् आमीच नारय फोडे?" तिने भाईदासभाऊंकडे पाहिलं. आवाज चढला नाही, तेच वाईट. "नाना, तुमले माहीत व्हतं?"

"अहो, मी सांगत होतो की देव नाही..."

"ते नही विचारं. बंदी शे, हे माहीत व्हतं?"

भाईदासभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, खोली महिन्याअखेर खाली करा."

"मना नारय परत द्या आधी," पुष्पाबाई म्हणाली.

आई एवढ्या वेळात त्यांना वळसा घालून पुढे गेली होती. बोळाच्या मध्यावरून तिने हाक मारली, "कमल, चाल. भाकर गार व्हई ऱ्हायनी."

बायांनी दगड हलवला. पहार भाईदासभाऊंचीच, जिन्याखालून आणलेली. दगड आता तलावाच्या काठाशी पालथा पडलाय. कपडे धुवायला चांगला आहे म्हणतात. अक्षरं चिखलात.

मी वस्तीत राहायला आले. सोसायटीने बोळाला जाळीचं फाटक करायचं ठरवलंय, वर्गणीही काढलीय. या वेळी मराठीत लिहिणार आहेत. लिहू देत. मराठी पुष्पाबाईची नात वाचते, आणि तिचा आवाज मोठा आहे.

मी रोज सकाळी त्याच बोळातून शाळेत जाते, मागेपुढे मळ्यातल्या बाया. भाईदासभाऊ खिडकीतून बघतात. एकदा वरून म्हणाले, "मॅडम, शिकलेल्या तुम्ही. तुम्हाला तरी शोभतं का?"

मी थांबले नाही. थांबून उत्तर देण्याची ती जागाच नाही. ती चालण्याची आहे.