एक थेंब आधी

रसायनशास्त्राच्या शिकवणीच्या खोलीत बारा कॉम्प्युटर आणि एक मी. शिकवायचं काम कॉम्प्युटरचं, माझं काम अडलेल्यांना मदत करायचं. म्हणजे माझ्या टेबलावरूनच सगळ्यांचे आकडे बघायचे आणि शेऱ्याच्या चौकटीत चार शब्द टाकायचे. उठावं लागतंच असं नाही, आणि गुडघे असे आहेत की मी उठतही नाही.

सात नंबरवर रंगाच्या दुकानातल्या बाई बसायच्या. वय पस्तिशीच्या पुढे. दुकान थोरल्या भावाचं. त्याने एक वर्ष सकाळची सुटी दिली होती आणि वर एकही दिवस मिळणार नाही म्हणून बजावलं होतं. टायट्रेशनचा धडा पार केल्याशिवाय प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देत नाहीत, आणि धड्याची मुदत शुक्रवारपर्यंत. ती हुकली की बाईंचं कॉलेज संपलं.

धडा तसा सोपा. पडद्यावर चंबू, त्याच्यावर नळी. बटण दाबलं की एक थेंब पडतो. चंबूतलं द्रावण फिकट गुलाबी होऊन तसंच राहिलं की थांबायचं आणि आकडा लिहायचा. बाईंचा आकडा दर वेळी जरासा कमी. कॉम्प्युटर म्हणायचा, ‘चूक. पुन्हा करा.’ एकोणीस वेळा म्हणाला. मी शेरा टाकला, ‘विद्यार्थिनी उतावळी आहे.’ पुढच्या आठवड्यातही तोच टाकला. नवीन सुचवायचा कंटाळा, दुसरं काय!

गुरुवारी प्रिंटरमध्ये कागद अडकला. प्रिंटर नेमका सात नंबरच्या मागे. झक मारत उठलो. कागद ओढता ओढता बाईंच्या हाताकडे लक्ष गेलं. एक थेंब, मग थांबणं. पुन्हा एक थेंब, पुन्हा थांबणं. इतक्या सबुरीने मी जन्मात काही केलेलं नाही. गुलाबी झाक आली, रेंगाळली, विरायला लागली आणि बाईंनी हात काढून घेतला.

"अहो, थांबलात का?"

"झालंच की, सर. वाळल्यावर चढेल."

"काय चढेल?"

"रंग. ओला असताना डोळ्याला बरोबर दिसला ना, की भिंतीवर हमखास गडद होतो. म्हणून एक थेंब आधीच थांबायचं. दुकानात रंग कालवताना पंधरा वर्षं तेच करतेय."

मी कपाळावर हात मारला. "बाई, हे वाळत नाही हो! गुलाबी टिकेपर्यंत टाका."

त्यांनी अजून एक थेंब टाकला. गुलाबी टिकलं. ‘बरोबर.’ धड्यातले पुढचे तीन प्रयोगही बरोबर आले. धडा पार झाला, तसा पडद्यावर त्यांचा सगळा अहवाल उघडला, माझ्या शेऱ्यांसकट. शेरे पुसायची सोय नाही.

बाईंनी तो सावकाश वाचला. त्यांना घाई कधी नव्हतीच.

"सर, तुम्ही रोज इथेच असता ना?"

"असतो की."

"मग हे उतावळी कोणाला बघून लिहिलंत?"

लाज वाटली, खोटं कशाला बोलू. मी वळून प्रिंटरमध्ये हात घातला आणि कागद शोधत राहिलो. तो केव्हाच निघाला होता.