जोडीनं नमस्कार

“जरा इकडे सरक. आईला दोघांचा फोटो हवाय,” परीक्षित म्हणाला.

देवयानी सरकली. होडी वल्हवणाऱ्या आजीबाईंनी त्याचा मोबाइल घेतला, आणखी जवळ या अशी खूण केली आणि झकास फोटो काढला: नदीकाठची जुनी व्यापाऱ्यांची घरं, पाण्यावर झुकलेली झाडं आणि एक सुखी जोडपं. त्यातलं शेवटचं तेवढं खोटं होतं.

जपानची ही सहल वर्षापूर्वी इंग्लंडातल्या लीड्सहून बुक केलेली. मधल्या काळात संसार मोडला, घटस्फोटाचा अर्जही झाला. सहल रद्द करायची मात्र दोघांनाही हिंमत झाली नाही, कारण नागपूरला आईंना काय सांगायचं? परत गेल्यावर परीक्षित त्यांना सगळं सांगणार होता. तोवर आईंना फोटो जात होते.

नवरा सुटतोय म्हणून देवयानीनं रडून घेतलं होतं, चार महिने, बाथरूमचा नळ सोडून. पण सासू सुटणार हे तिला काही केल्या सोसत नव्हतं. कुणाला सांगितलं तर हसतील. पण देवयानीची आई ती नऊ वर्षांची असतानाच गेली होती. हॉस्पिटलात दिवसभर पेशंटांना अपॉइंटमेंटच्या तारखा देणाऱ्या देवयानीसारख्या अबोल बाईला ‘जेवलीस का?’ असं रोज विचारणारं माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच होतं. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा आईंनी लीड्सच्या थंडीत तीन महिने काढले. स्वेटरवर स्वेटर घालून तिच्या मागे बसायच्या आणि तिची वेणी घालायच्या.

होडीतून उतरून ते एका व्यापाऱ्याच्या दोनशे वर्षांच्या घरापाशी आले. पायरीवर बसून बूट काढताना देवयानीनं सकाळपासून ओठांवर आलेलं विचारून टाकलं.

“नंतरही मी आईंना फोन करत राहिले तर चालेल?”

परीक्षितनं बुटाची नाडी सोडली.

“इट्स नॉट फेअर ऑन हर, देवयानी. तिला ॲक्सेप्ट करायला आधीच वेळ लागेल. आणि उद्या माझ्या लाइफमध्ये कोणी आलं, तर किती ऑकवर्ड होईल? क्लीन ब्रेकच बरा.”

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. देवयानीनं मान हलवली आणि चटईवर पाय ठेवला. तो माहितीफलक वाचत राहिला. तिनं ते घर पाहिलं खरं, पण काय पाहिलं ते तिला सांगता आलं नसतं.

दुपारी उत्सवाच्या रथांचं संग्रहालय बघून ते शेजारच्या देवळापाशी आले, तोच आईंचा व्हिडिओ कॉल आला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

“आले दोघं दिसायला! अन् मागं ते काय आहे? देऊळ काय?”

“हो आई, देऊळच आहे,” देवयानी म्हणाली.

“मग उभे काय राहिले? जोडीनं नमस्कार करा. मी पाहून राहिली इथून.”

परीक्षितनं देवयानीकडे बघितलं. मग फोन दगडी कठड्याला टेकवून ठेवला. दोघं शेजारी उभे राहिले, हात जोडले, वाकले. लग्नानंतर पहिल्यांदा आईंच्या पाया पडताना दोघांची डोकी आपटली होती आणि सगळा मांडव हसला होता. आज मध्ये हातभर अंतर होतं. परीक्षित लगेच सरळ झाला. देवयानीला जरा वेळ लागला.

“इतका वेळ काय मागत होती गं?” आईंनी विचारलं.

“तुम्हाला,” देवयानी म्हणाली. इतकं खरं ती महिनोन् महिने बोलली नव्हती.

आई खळखळून हसल्या. “वेडीच आहे! मला काय मागायचं? मी तर आहेच ना तुझी.”

परीक्षित नदीकडे बघू लागला.

“नाक पाहा कसं लाल झालं! जॅकेटची चेन लाव आधी. अन् जेवून घ्या वेळेवर. चल, ठेवते, कुकर झाला माझा.”

स्क्रीन काळी झाली. परीक्षितनं फोन उचलून खिशात टाकला आणि स्टेशनच्या दिशेनं चालू लागला.

देवयानीनं चेन वर ओढली, पार हनुवटीपर्यंत, आणि त्याच्या मागून निघाली.